डेबियन १२: जुन्या लॅपटॉपवर लागेल तेवढंच

निपाणीत आमचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. गिऱ्हाईक मराठी, तसंच कन्नडही. पुष्कळदा एकाच पत्रिकेत दोन्ही लिप्या असतात. काउंटरवरच्या लॅपटॉपला २ जीबी रॅम. त्यावर डेबियन १२ (लिनक्सवरची मोफत ऑपरेटिंग सिस्टम) पहिल्यांदा टाकताना ग्नोम या भरगच्च डेस्कटॉपसकट समोर आलं ते सगळं घेतलं. लिब्रेऑफिस आलं, मागोमाग खेळही आले. पत्रिका मांडायचं इंकस्केप उघडलं की मशीन धापा टाकायचं.

तुळशीच्या लग्नाआधी सगळं पुसलं आणि नेटइन्स्टवरून (बाकीचं नेटवरून उतरवून घेणारा छोटा इन्स्टॉलर) नव्याने बसवलं. सॉफ्टवेअर निवडायच्या पडद्यावरच्या साऱ्या खुणा काढल्या, अगदी 'स्टँडर्ड सिस्टम युटिलिटीज'चीही. मशीन सुरू झालं तेव्हा काळ्या पडद्यावर फक्त लॉगिन होतं. मग खिडक्या सांभाळणारं हलकं ओपनबॉक्स, इंकस्केप, छपाईसाठी कप्स असं एकेक हाताने आणलं.

डेबियनचं मला सगळ्यात पटलेलं म्हणजे इथे पॅकेजांची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची, एकमेकांशी नाती उघडी मांडलेली असतात. 'डिपेंड्स' म्हणजे ज्याच्यावाचून चालणारच नाही ते, 'रेकमेंड्स' म्हणजे बहुतेकांना लागतं ते, 'सजेस्ट्स' म्हणजे आपली मर्जी. पॅकेजं आणणारं-काढणारं ॲप्ट पहिली दोन्ही न विचारता आणतं. मी 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' लावून दुसरं बंद केलं. छाटायला हात कितीही चालवला तरी बॅश, कोअरयुटिल्स, डीपीकेजी या पायाच्या पॅकेजांवर 'इसेन्शियल'चा शिक्का आहे. ॲप्ट ती सहजासहजी काढू देत नाही. नवख्या माणसाला याचा मोठा आधार वाटतो.

मशीन पळायला लागलं. पण पहिलीच पत्रिका पडद्यावर आली आणि नावांच्या जागी नुसते चौकोन! अक्कोळचे काका शेजारी बसले होते. "आरं, माझ्या पोरीचं नाव कुठं गेलं?" म्हणाले. मला फार लागलं ते. देवनागरीचा एकही फॉन्ट आलेला नव्हता, कन्नडचाही नव्हता. लोहित देवनागरी आणि लोहित कन्नड घातले, तेव्हा नाव दिसलं. पुढे वायफायवरचा प्रिंटर सापडेना, कारण तो आपोआप शोधणारं अवाही कप्सच्या 'रेकमेंड्स'मध्ये होतं आणि मीच ते गाळलं होतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की मूळ संच जरूर छाटा, पण काय जादा आहे ते आपल्या कामावरून ठरवा. रोमन लिपीत लिहिणाऱ्याला देवनागरी फॉन्ट वरकड वाटेल. सीमाभागातल्या दुकानात त्याच्याशिवाय धंदा नाही.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो इन्स्टॉलरसाठी. सगळ्या खुणा काढल्या आणि भाषा इंग्रजी ठेवली, तर आपल्या लिपीचं काय, हे तो कुठेच विचारत नाही. नेट धिमं असेल तर एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. मी रविवारी बसलो होतो. सगळं जमल्यावर 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' चालवलं आणि हाताने घातलेल्या पॅकेजांची यादी छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. भावाच्या दुकानातला लॅपटॉप आता त्या यादीवरूनच करायचा आहे.