मित्रांमधला परका

अमेरिकी राजकीय सल्लागार आणि समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते डेव्हिड मिक्सनर यांचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘स्ट्रेंजर अमंग फ्रेंड्स’ हे आत्मकथन खरी पकड घेते ते १९७८ च्या कॅलिफोर्नियात. समलिंगी शिक्षकांना सरकारी शाळांतून काढण्याची तरतूद असलेल्या ‘प्रपोझिशन ६’ या सार्वमतासाठी ठेवलेल्या प्रस्तावाला रोनाल्ड रेगन यांच्यासारख्या परंपरावादी नेत्याने विरोध करावा, यासाठी हक्कांची भाषा कामाची नाही, हे ओळखून मिक्सनर आणि त्यांचे सहकारी पीटर स्कॉट यांनी वेगळाच मुद्दा पुढे केला: नाराज झालेला कोणताही विद्यार्थी खोटा आरोप करून शिक्षकाला वेठीस धरू शकेल. रेगन यांनी विरोध जाहीर केला आणि सुमारे ५८ टक्के मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. धोरणीपणाचा हा धडा (आपल्याकडच्या कार्यकर्त्यांनीही अभ्यासावा असा) पुस्तकाचा कळस आहे.

व्हिएतनाम युद्धविरोधी आंदोलनाचा भाग मात्र नावांच्या गर्दीमुळे रेंगाळतो. उत्तरार्धातली बिल क्लिंटन यांच्याशी असलेली जुनी मैत्री अधिक बोचते, कारण १९९२ मध्ये ज्यांच्या विजयासाठी मिक्सनर झटले, त्यांच्याच लष्करातील समलिंगींविषयीच्या धोरणाच्या निषेधार्थ १९९३ मध्ये व्हाइट हाऊससमोर त्यांनी अटक करवून घेतली.