मेट्रॉइड ड्रेड : थांबला तो संपला

नवीन निन्टेंडो स्विच (गेम खेळायचं मशीन) घेतलाय, पहिला अ‍ॅक्शन गेम कोणता घेऊ असं कोणी विचारलं की मी मेट्रॉइड ड्रेड सांगते, आणि समोरचा लगेच म्हणतो अगं तो टूडी आहे ना, साईडने दिसणारा, त्याला एवढे पैसे कशाला घालायचे. म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकते. हो, टूडीच आहे. समस, म्हणजे गेमची नायिका, डावीकडे उजवीकडे पळते, उड्या मारते, गोळ्या झाडते, बस. पण एवढ्याशा गोष्टीतून जी भीती आणि जी मजा काढलीये ती मला मोठमोठ्या ओपन वर्ल्ड गेममध्ये पण मिळालेली नाही.

थोडी पार्श्वभूमी, कारण त्याशिवाय या गेमचं कौतुक अर्धंच कळतं. मेट्रॉइडचा पहिला गेम जपानमध्ये १९८६ ला आला, निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जुन्या मशीनवर. त्यात जाड चिलखत घातलेला अंतराळातला शिकारी, गेम पटकन संपवला तर, शेवटी हेल्मेट काढतो आणि कळतं की ही बाई आहे, समस अरान. त्या काळात हे भारीच होतं. पुढे टूडी मालिकेची गोष्ट २००२ च्या मेट्रॉइड फ्यूजन या गेमपर्यंत आली आणि तिथेच अडकली. मालिकेचे सूत्रधार योशिओ साकामोतो यांना ड्रेडची कल्पना निन्टेंडो डीएस या हातात धरायच्या मशीनच्या काळातच सुचली होती, काम सुरू होऊन थांबलं, एकदा नाही दोनदा, कारण त्यांच्या डोक्यात जे होतं ते त्या मशीनवर जमत नव्हतं. मग स्पेनच्या मर्क्युरीस्टीम कंपनीने २०१७ ला डीएसनंतरच्या थ्रीडीएससाठी समस रिटर्न्स हा मेट्रॉइड गेम बनवला, ते काम बघून साकामोतोंनी ड्रेड त्यांच्यासोबत करायला घेतला आणि ८ ऑक्टोबर २०२१ ला तो स्विचवर आला. फ्यूजननंतर १९ वर्षांनी गोष्ट पुढे सरकली. वाट बघणाऱ्यांचं काय झालं असेल विचार करा.

गोष्ट थोडक्यात सांगते. एक्स नावाचा परजीवी, जो कुठल्याही जिवाला संपवून त्याचंच रूप घेतो, तो नष्ट झालाय असं सगळे धरून चाललेले असतात, पण झेडडीआर नावाच्या ग्रहावर तो जिवंत असल्याचा व्हिडिओ मिळतो. तपासाला सात रोबो पाठवतात, त्यांचा संपर्क तुटतो, मग समस जाते. पोचल्या पोचल्या चोझो नावाच्या पक्ष्यासारख्या जमातीतला एक धिप्पाड योद्धा, रेव्हन बीक, तिला लोळवतो, गळा धरून उचलतो. शुद्ध येते तेव्हा ती ग्रहाच्या पार पोटात पडलेली असते, बहुतेक सगळ्या शक्ती गेलेल्या, आणि जहाज वर पृष्ठभागावर. आता वर चढत जायचं. झाली गोष्ट. आधीचे गेम खेळलेले नसतील तरी अडत नाही, सुरुवातीला मागचं सगळं सांगतात.

आता खरा मुद्दा, हालचाल. समसला नुसतं पळवण्यातच इतकं सुख आहे की पहिल्या तासाभरातच कळतं की हा गेम बनवणाऱ्यांनी बाकी सगळं सोडून आधी हे पक्कं केलं असणार. गेम सेकंदाला ६० फ्रेम्सवर चालतो, बटण दाबलं आणि ती हलली यात मध्ये काही जाणवत नाही. पळता पळता घसरून बोळात घुसायचं, तिथून निघताच उडी मारायची, हवेतच भिंतीला पाय लावून परत उडी, आणि त्यातच वर टांगलेल्या प्राण्याला गोळी. समस रिटर्न्समध्ये शत्रू अंगावर आला की उभं राहून त्याचा वार उलटवायला लागायचा, त्यामुळे सारखं थांबणं व्हायचं, ते मला तेव्हा पण खटकलं होतं. इथे पळतानाच वार उलटवता येतो. एवढाच बदल, पण त्याने सगळी लयच बदलली, आता शत्रू समोर दिसला की वेग कमी करावासा वाटत नाही उलट वाढवावासा वाटतो.

आणि हे पळणं नुसतं छान वाटावं म्हणून दिलेलं नाही, कारण पुढे एमी येतात.

एमी म्हणजे तेच सात रोबो, संशोधनाला पाठवलेले आणि आता समसच्याच मागे लागलेले. प्रत्येकाचा आपला इलाका आहे, त्याचं दार वेगळंच दिसतं, आत गेलं की रंग फिके होतात आणि दुरून कुठूनतरी त्याचा पिंग पिंग आवाज येत असतो. तुमची गोळी, मिसाईल, काहीही त्याला लागत नाही. त्याला तुमची चाहूल लागते, त्याने बघितलं की दिवा लाल होतो, इलाक्याची दारं बंद होतात आणि तो चार पायांवर भिंतीवरून छतावरून सरपटत येतो. पकडलं की संपलंच समजा. सुटायला अगदी निमिषभराची संधी मिळते पण तिची वेळ दर वेळी बदलते, त्यामुळे पाठ करून जमत नाही. कबड्डीत चढाईला जाताना जसा दम धरून आत शिरायचं आणि कसंही करून परत यायचं असतं ना, तसंच होतं प्रत्येक वेळी. माझा भाचा शेजारी बसून बघत असतो, मी आत शिरले की तो मावशी पळ मावशी पळ करत सोफ्यावर उभा राहतो, आणि त्याने सांगायची गरज नसते कारण इथे थांबला तो संपला.

काही लोकांना हे त्रासदायक वाटतं, मला समजू शकतं. पण मेल्यावर गेम तुम्हाला त्याच दाराबाहेर उभं करतो, मागचं काही गमवावं लागत नाही, काही सेकंदात परत आत. त्यामुळे राग साचत नाही, भीती मात्र साचते, आणि हे फार हुशारीने केलंय. मरण स्वस्त ठेवलंय म्हणूनच एमीला इतकं निर्दय ठेवता आलं.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. जवळजवळ प्रत्येक इलाक्याला एक मेंदू आहे, डोळ्यासारखा दिसणारा, एका खोलीत लपलेला. तो फोडला की समसच्या तोफेत थोड्या वेळापुरती एक शक्ती येते आणि आता एमी मरू शकतो. पण एका झटक्यात नाही. आधी गोळ्यांचा मारा करून त्याच्या चेहऱ्यावरचं कवच वितळवायचं, मग पूर्ण ताकद भरून एकच गोळी, आणि हे सगळं तो तुमच्याकडे चालत येत असताना. म्हणजे इतका वेळ ज्याच्यापासून पळालात त्याच्याकडे तोंड करून उभं राहायचं, आणि त्यासाठी लांब सरळ जागा शोधायची, जी तुम्हाला पळून पळूनच माहीत झालेली असते. आणि एमी मेला की बहुतेकदा त्याची शक्ती समसला मिळते. ग्रहाच्या कॅटारिस नावाच्या भागातला हिरवा एमी अंग चोरून अरुंद बोळांत घुसतो, जिथे तुम्हाला वाटलेलं की आपण सुटलो. त्याला मारलं की मॉर्फ बॉल मिळतो, गोळा होऊन बोळात शिरायची शक्ती, जी १९८६ च्या पहिल्या गेमपासून समसची ओळख आहे आणि तिथे तर सुरुवातीलाच मिळते. इथे ती आधी शत्रूच्या हातात दाखवतात, तिची दहशत बसवतात, मग तुमच्या हवाली करतात. डेरॉन या भागातला पिवळा एमी सुसाट पळतो, तो मेला की स्पीड बूस्टर तुमचा. ज्या गोष्टीने तुम्हाला पळवलं तीच तुमची होते. बाकी गेममध्ये कुठल्यातरी पेटीतून शक्ती निघते, इथे ती अशी झगडून हिसकावलेली असते, त्यामुळे ती वापरताना हाताला वेगळंच बळ येतं.

मॅपबद्दल बोलायलाच पाहिजे. आर्टारिया, कॅटारिस, डेरॉन, ब्युरेनिया असे भाग एकमेकांत गुंतलेले आहेत, लिफ्ट आहेत, ट्राम आहेत, टेलिपोर्टर आहेत, आणि कुठे जा असा बाण कुठेच नाही. तरीही मी फारशी भरकटले नाही. का ते नंतर लक्षात आलं. गेम मागची वाट हळूच बंद करतो, कुठे काहीतरी कोसळतं, कुठे अशी उडी असते की परत वर येता येत नाही, आणि नवीन शक्ती मिळाली की ती जिथे लागते ते दार जवळच ठेवलेलं असतं. तुम्हाला वाटतं मी शोधलं. काही जुन्या चाहत्यांना हे बोट धरून नेणं वाटतं, पण मला नाही पटत, कारण ज्याला ती वाट सोडायचीये त्याला मोकळीक पण ठेवलीये.

याचं उदाहरण म्हणजे क्रेड, तो पहिल्या गेमपासूनचा राक्षस. (इथून पुढे थोडं उघड होतंय, नको असेल तर हा आणि पुढचा एक परिच्छेद सोडा.) नेहमीच्या वाटेने गेलात तर त्याच्याशी लांबलचक लढाई होते. पण कोणी आडवाटेने जाऊन बॉम्ब आधीच मिळवले असतील तर लढाईच्या दुसऱ्या भागात गोळा होऊन थेट त्याच्या पोटात शिरता येतं, आत बॉम्ब ठेवायचे, आणि क्रेड तिथेच खलास, त्यासाठी वेगळा सीन पण बनवून ठेवलाय. म्हणजे बनवणाऱ्यांना माहीत होतं की कोणीतरी हा आगाऊपणा करणार आणि त्यांनी त्याला शाबासकी ठेवली. मला तर हे बघून बनवणाऱ्यांबद्दल जाम प्रेम वाटलं.

आणि त्याच क्रेडच्या आधीचा छोटा सीन बघा. तो साखळदंडात जखडलेला, अंगावर ओरडतोय, आणि समस शांतपणे हाताच्या तोफेत ताकद भरते आणि त्याच्या उघड्या तोंडात गोळी घालते. एक शब्द नाही. हिने याला आधी मारलेलंय हे फक्त उभं राहण्यातून कळतं. संपूर्ण गेममध्ये समस एकदाच बोलते, ते पण चोझो भाषेत, बाकी सगळं चालण्यातून, मान वळवण्यातून. शेवटच्या रेव्हन बीकच्या लढाईत हे सगळं एकत्र येतं. सुरुवातीला ज्याने गळा धरला होता तोच समोर, तीन टप्प्यांची लढाई, पहिल्यांदा तर अशक्यच वाटते, पण त्याचा प्रत्येक वार आधी काहीतरी खूण देतो, आणि हळूहळू तुमच्या लक्षात येतं की आता मार खायचा की नाही ते तुमच्या हातात आहे. जिंकले तेव्हा हात थरथरत होते खरंच.

कमी काय आहे ते पण सांगते. संगीत. वातावरणाला शोभतं, पण गेम बंद केल्यावर गुणगुणावं असं फार थोडं, आणि १९९४ च्या सुपर मेट्रॉइडचं संगीत ऐकलेल्याला हे नक्की जाणवणार. एमींच्या इलाक्यांची जागा आणि शक्ती बदलते पण दिसायला ते बरेचसे सारखेच, अजून वेगळेपणा चालला असता. मधल्या फळीतले काही बॉस पुन्हा पुन्हा येतात, चोझो सैनिकांची लढाई तिसऱ्यांदा आली तेव्हा जरा ठीके ठीके झालं. एका भागातून दुसऱ्या भागात जाताना लोडिंग आहे. आणि बटणं, बाप रे, एका बटणाने निशाणा धरून ठेवा, दुसरं दाबून मिसाईल, डावी काडी आत दाबून स्पीड बूस्टर, स्विचसोबत येणाऱ्या छोट्या जॉयकॉन कंट्रोलरवर बोटं दुखतात. वेगळा मिळणारा मोठा प्रो कंट्रोलर असेल तर त्यावरच खेळा.

लांबी किती विचारतात सगळे. पहिल्यांदा खेळताना साधारण आठ ते दहा तास गेमचं घड्याळ दाखवतं, पण मेलात ते प्रयत्न त्यात धरत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. परत खेळायला कारण आहे, चार तासांच्या आत संपवलं तर वेगळं चित्र मिळतं, आणि दुसऱ्या खेपेला तुम्हीच इतके सुसाट सुटता की पहिल्या वेळी जिथे तास घालवला ती जागा चुटकीसरशी मागे जाते. पैशांचा हिशोब तासांवर लावणाऱ्याला हा महाग वाटेल, मला वाटला नाही, कारण यात एकही तास उगाच भरलेला नाही.

आपल्याकडे निन्टेंडोची अधिकृत विक्री नाही, सगळा माल बाहेरून आलेला, त्यामुळे किमती दुकानागणिक बदलतात, दोन-चार ठिकाणी विचारूनच घ्या. जमलं तर कार्ट्रिजच घ्या, संपवून मित्राला देता येतं किंवा विकता येतं, आणि नवीन स्विच २ वर पण तेच कार्ट्रिज चालतं. अवघड जाईल याची धास्ती असेल तर २०२२ च्या फेब्रुवारीत फुकट अपडेटमध्ये रुकी मोड आलाय, त्यात ऊर्जा जास्त भरून मिळते, लाजायचं काही कारण नाही. त्याच अपडेटमध्ये ड्रेड मोड पण आला, एक फटका बसला की खेळ खलास, तो आपण नंतर बघू. हेडफोन लावा, एमी कुठून येतोय ते आवाजावरून बरंच कळतं. आणि अडकलात तर लगेच यूट्यूब उघडू नका, मॅप मोठा करून बघा, जिथे खोली हलकी उजळलेली दिसते तिथे काहीतरी लपवलेलंय, तिथल्या भिंतींवर गोळ्या मारत सुटा.