आयुष्मान वय वंदना कार्ड : इंदूरमधील आमचा अनुभव

उत्पन्नाची अट न लावता ७० वर्षे व त्यावरील वयाच्या सर्वांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार देणारे, केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचे हे कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. ७४ वर्षांच्या माझ्या आईचे कार्ड घरीच, मोबाइलवरील अ‍ॅपमधून निघाले. झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला पटेनात (आयुष्यभर भांडी घासलेल्या बायकांचा विचार यंत्र घडवणाऱ्याने केलेला दिसत नाही), म्हणून ओटीपीवर काम भागवले.

खरी परीक्षा आई न्हाणीघरात घसरून खुब्याचे हाड मोडले तेव्हा झाली. योजनेच्या यादीतील पहिल्या खासगी रुग्णालयात खिडकीवरच्या गृहस्थाने शांतपणे सांगितले, "कार्ड का बेड खाली नहीं है, कॅश में अभी हो जाएगा." म्हणजे खाट होती, कार्डासाठी नव्हती. दुसऱ्या रुग्णालयातील आरोग्यमित्राने (योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या तिथल्या कर्मचाऱ्याने) मात्र एक्स-रे आणि कागद स्वतः अपलोड करून पूर्वमंजुरी मिळवली, तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि आमच्याकडून एक रुपयाही घेतला गेला नाही. त्या मुलाला पाचपैकी पाच गुण.

पहिल्या खिडकीवरचा नकार अजून खुपतो, कारण तिथे "हा आईचा हक्क आहे" असे म्हणायला माझ्यापाशी आधारच नव्हता. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य म्हटले आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याच्या बळावर न्यायालयात दाद मागता येत नाही. १९९२ मध्ये पश्चिम बंगालात रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला खाटा नसल्याचे सांगत एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग ठरवून २५ हजार रुपयांची भरपाई दिली, आणि पैशांची चणचण ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असेही बजावले. पण तो निकाल सरकारी रुग्णालयांविषयी होता. खासगी रुग्णालय या योजनेत येते ते कराराने, आणि करार मोडल्याचा जाब विचारायचा तो सरकारने. बाकावर कण्हत बसलेल्या म्हातारीने नव्हे. आरोग्य हा घटनेत स्पष्ट लिहिलेला हक्क असता, तर "खाट नाही" हे निदान लेखी द्यावे लागले असते, असे मला वाटते.

या कार्डाला मी पाचपैकी साडेतीन गुण देतो. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत त्यांनी ते आजच काढावे, आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात कोणते उपचार यावर होतात ते आधीच पाहून ठेवावे. घरी सोडल्यानंतरची औषधे योजनेत केवळ १५ दिवसांची मिळतात आणि बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या त्यात बसत नाहीत. आई आता काठी टेकत रामबागेतील आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जाते. फिजिओथेरपिस्टला मात्र दर भेटीला रोख पैसे मोजतो.