मागाच्या शेडमधली चॅम्पियन्स लीग: हंगामाचा पास घ्यावा का?

हंगामाचा पास 1,200 रुपये, एका रात्रीचं सुटं तिकीट 80 रुपये. हिशेब आधीच मांडतो, कारण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या या जुन्या, कापड विणायच्या मागाच्या शेडबद्दल पहिला प्रश्न तोच येतो. (शेडला बोर्ड नाही, म्हणून इथेही नाव नाही.) चॅम्पियन्स लीग म्हणजे युरोपातल्या क्लबांची फुटबॉल स्पर्धा; तिच्या 2024-25 च्या हंगामात इथे 25 रात्री पडद्यावर सामने दाखवले. साखळीच्या आठ फेऱ्यांची एकेक रात्र, प्ले-ऑफपासून सेमीफायनलपर्यंतच्या सगळ्या 16 आणि फायनल. सुटे पैसे भरले तर 2,000 होतात, म्हणजे पासवाल्याचे 800 वाचतात. कागदावर. 25 रात्री जागायला माणूस कायमचा रात्रपाळीचा पाहिजे.

आमचा सल्ला: पास नको. दुसऱ्या लेगच्या (बाद फेऱ्यांत एकाच जोडीचे दोन सामने होतात, त्यातल्या दुसऱ्याच्या) आठ रात्री, साखळीची शेवटची रात्र आणि फायनल, अशा दहा रात्रींचे 800 भरा.

दुसरा लेगच का? एक्स्ट्रा टाइम पहिल्या लेगला नसतोच. परक्या मैदानावरच्या गोलाला जादा वजन देणारा नियम 2021-22 पासून गेला, त्यामुळे दोन सामन्यांचे मिळून गोल सारखे झाले की थेट 30 मिनिटं वाढतात आणि तरीही सुटलं नाही तर पेनल्टी. त्या हंगामात चार लढती एक्स्ट्रा टाइमपर्यंत गेल्या: पीएसव्ही-युव्हेंटस, लिव्हरपूल-पीएसजी (पॅरिसचा संघ), अ‍ॅटलेटिको-रिआल आणि इंटर-बार्सिलोना. पैसे वसूल होतात ते इथे.

आणि शेडवाल्याचं गणित चुकलं तेही इथेच. पाटीवर लिहिलं होतं, ‘साडेतीनला शटर बंद’. रात्री दीडचा सामना, मध्ये 15 मिनिटांची सुट्टी, वर भरपाईची मिनिटं. साधा सामनाच 3:25 ला संपतो. 11 मार्चच्या रात्री लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर पीएसजीच्या डेम्बेलेच्या बाराव्या मिनिटाच्या गोलानं लढत दोन्ही लेग मिळून 1-1 अशी बरोबरीत अडकली आणि साडेतीनला वॉचमन किल्ल्या वाजवत दारात उभा. बरीच हुज्जत झाली, शटर वर राहिलं. पीएसजीचा गोलकीपर डोनारुम्मानं लिव्हरपूलच्या नुन्येझ आणि जोन्सच्या पेनल्टी अडवल्या तेव्हा चार वाजून गेले होते. रमझान चालू होता; सहरीला अजून तासभर होता, त्यामुळे निम्मी गर्दी तिथूनच गाड्या काढून विजापूर वेशीकडे गेली. दुसऱ्या रात्री पाटीवर खडूनं नवीन ओळ आली: ‘पेनल्टी संपेपर्यंत’. ऐकून घेणारा मालक आहे, हे मान्य करावं लागेल.

त्याच दुसऱ्या रात्री रिआलविरुद्ध अ‍ॅटलेटिकोच्या हुलियन अल्वारेझच्या पेनल्टीत चेंडूला दोनदा पाय लागल्याचं ठरून गोल रद्द झाला. शेडमधल्या एकालाही ते दिसलं नाही. पण त्याचा दोष प्रोजेक्टरला देता येणार नाही, रिप्लेतही ते जेमतेमच दिसतं. (जूनमध्ये नियमाचा खुलासा आला: चुकून दोनदा पाय लागून गोल झाला तर पेनल्टी पुन्हा मारायची. अ‍ॅटलेटिकोला त्याचा उपयोग शून्य.)

प्रोजेक्टरचा खरा दोष वेगळा. दिव्याचा जुना प्रकार आहे, पडदा दहा फूट रुंद, चित्र चांगलं. पण शेजारच्या शेडमध्ये टॉवेलचे माग चालतात. कापसाचा भुसका हवेतून येतो आणि पंख्याच्या जाळीवर बसतो. जाळी काढून पाहिली तर वर राखाडी लोकरीसारखा थर. हवा आत जात नाही, वर तापलेले पत्रे. दिवा गरम झाला की यंत्र आपोआप बंद होतं आणि पुरतं थंड झाल्याशिवाय पेटत नाही. 30 एप्रिलची रात्र, उजाडलं की 1 मेची सुट्टी, शेड खचाखच. बार्सिलोना-इंटर 2-2 असताना बासष्टाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. ‘लाव की बे लवकर!’ सहा मिनिटांनी चित्र आलं तेव्हा स्कोअर 3-3. इंटरच्या डुमफ्रीसचा गोल आणि बार्सिलोनाच्या राफिन्याच्या फटक्यावरचा स्वयंगोल, दोन्ही त्या अंधारात गेले. उपाय फुकटचा आहे: दर आठवड्याला जाळी काढायची, कोरड्या ब्रशनं झाडायची, आणि सामना संपल्यावर मेन स्विच लगेच न पाडता पंखा थांबेपर्यंत थांबायचं.

इन्व्हर्टर आहे, 150 एएचची बॅटरी. प्रोजेक्टर, छोटा स्पीकर आणि दोन पंखे धरून दोन-अडीच तास निघायला हरकत नाही. पण वायफायचा राउटर त्यावर जोडलेलाच नव्हता. वीज गेली की पडदा उजळ आणि मध्ये गोल फिरणारी चकती. मे महिन्यात जोडला, एकदाचा.

29 जानेवारीच्या रात्रीबद्दल मात्र माफी नाही. नव्या रचनेत 36 संघ, प्रत्येकाचे आठ सामने. पहिले आठ थेट पुढे, 9 ते 24 प्ले-ऑफला, बाकीचे घरी. शेवटच्या फेरीचे 18 च्या 18 सामने एकाच वेळी. अशा रात्री एका पडद्यावर एक सामना आणि बाजूला साध्या टीव्हीवर चालता गुणतक्ता, एवढं तरी हवं. इथे स्टुटगार्ट-पीएसजी लावून ठेवला, जो मध्यंतरालाच 0-3 होता. तिकडे मँचेस्टर सिटी ब्रूजविरुद्ध 0-1 नं मागे, जिंकल्याशिवाय बाहेर, आणि ते बघायला लोक मोबाईलवर. सिटीनं 3-1 नं जिंकून बाविसावा नंबर गाठला. हरूनही ब्रूज चोविसावा. तितक्याच 11 गुणांवर डायनामो झाग्रेब गोलफरकानं पंचविसावा, म्हणजे बाहेर. तक्ता समोर असता तर त्या रात्री कुणी सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) खायला उठलं नसतं.

सुशीला चांगली असते, शेंगदाणे सढळ. एकच शेगडी, 60 माणसं आणि 15 मिनिटं. चाळिसाव्या मिनिटालाच कुपन घ्या. बसायला चादरींच्या घड्या, पाठीला टेकू नाही. पुढच्या दोन रांगा सोडून बसा, मान धरते. आवाज बेताचाच आहे आणि तो तसाच राहणार: रात्री 10 नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, म्हणूनच सामने टर्फच्या मैदानावर न दाखवता शेडमध्ये दाखवतात.

भिंतीवरच्या तक्त्यावर विसंबू नका. तो सप्टेंबरात छापला, सगळीकडे 12:30. युरोपातली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे. मधल्या काळात आपल्याकडे सामना दीडला सुरू होतो. 5 नोव्हेंबरला निम्मे लोक तासभर आधी येऊन बसले.

फायनल पाहिली नसती तरी चाललं असतं. विसाव्या मिनिटाला पीएसजी 2-0, शेवटी 5-0, इंटर कुठे दिसलाच नाही. चौथ्या गोलापर्यंत चादरी उशाशी गेल्या होत्या. 2026 ची फायनल बुडापेस्टला, तिथल्या संध्याकाळी 6 ला, म्हणजे आपल्याकडे साडेनऊला. त्या वेळेला सुशीलेवर भागणार नाही. शेंगाचटणी-भाकरी ठेवणार का, असं विचारलं तर मालक म्हणाला, शेगडी दुसरी आणतो.