नवोदयच्या भाषेच्या पेपरसाठी 'किशोर' मासिक, आमचा अनुभव

मुलगी पाचवीत आहे, नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेची तयारी चालू आहे. गणित, बुद्धिमत्ता बरं चाललंय पण भाषेत मार्क जायचे, तिथं २० प्रश्न सगळे उताऱ्यांवरच असतात आणि मोठा उतारा दिसला की हिला घामच फुटायचा. आधी एक गाईड आणलं, सगळे उतारे एकाच साच्यातले, वर दोन ठिकाणी उत्तरंच चुकीची, पोरगी पार वैतागली.

मग शेजारचे सर म्हणाले, बालभारतीचं किशोर वाचायला द्या. १९७१ पासून निघतंय हे मासिक आणि जुने अंक ऑनलाईन फुकट वाचायला मिळतात. गोष्टी, कविता, विज्ञान, माणसांची माहिती असं सगळं मिसळून असतं त्यामुळे कंटाळत नाही. संध्याकाळी मी भाकरी थापत असते तेव्हा ती ओट्याशेजारी बसून एक पान मोठ्यानं वाचते आणि मग तिनंच मला पाच प्रश्न विचारायचे, परीक्षेत एका उताऱ्यावर पाचच असतात म्हणून. माझं उत्तर चुकलं की लगेच ओळीवर बोट ठेवते, "आई, हे बघ, इथंच लिहिलंय!" परवा 'हिरमुसला' शब्द अडला, तर वरच्या ओळीत पतंग कटला होता त्यावरून अर्थ स्वतःच काढला तिनं, मला इतका आनंद झाला ना.

हा सरावसंच नाही हं, बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न आणि जुने पेपर वेगळे सोडवावेच लागतात. पण ज्यांची मुलं आत्ता तिसरी-चौथीत आहेत त्यांनी आजच चालू करा.