मेलोट्रॉनचे सूर लॅपटॉपवर : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या जून महिन्यात, बडोद्यातल्या दांडिया बाजारातील आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या एका नाटकाचे पार्श्वसंगीत माझ्याकडे आले. दिग्दर्शकांची मागणी साधी, पण अवघड होती. सूर व्हायोलिनचे वाटावेत, तरी समोर कोणी व्हायोलिन वाजवते आहे असे वाटू नये. कुणी तरी जुने आठवून सांगत आहे असे वाटावे. त्या मागणीमुळे मी मेलोट्रॉनकडे, म्हणजे टेपवर आधीच मुद्रित केलेले सूर पट्ट्या दाबून वाजवणाऱ्या जुन्या वाद्याकडे, वळले आणि तेव्हापासून त्या वाद्याचे सूर सॉफ्टवेअर आणि सॅम्पल (एकेका सुराचे संगणकात घेतलेले मुद्रण) यांच्या साहाय्याने वाजवते आहे. आधी एक विकतचे सॉफ्टवेअर चार महिने वापरले, नंतर सुट्या सॅम्पलांवर स्वतः संच उभा केला. पुढील मजकूर या दोन्ही अनुभवांवर आधारलेला आहे.

मूळ वाद्य कसे चालते हे नीट समजून घेतल्याशिवाय त्याच्या नकलेचे मोल ठरवता येत नाही, म्हणून थोडे त्याविषयी. कॅलिफोर्नियातील हॅरी चेंबरलिन यांनी पट्टीखाली ध्वनिमुद्रित टेप चालवणारे वाद्य आधी तयार केले होते. त्यांचे विक्रेते बिल फ्रॅन्सन ते घेऊन १९६२ मध्ये इंग्लंडला गेले आणि तिथे बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंच्या कारखान्यात १९६३ मध्ये पहिले मेलोट्रॉन घडले. पुढे १९७० मध्ये आलेले एम-४०० हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध रूप. त्याला ३५ पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीखाली टेपची स्वतंत्र फीत असते. त्या फितीवर तीन समांतर मार्गांत तीन वेगवेगळे आवाज मुद्रित केलेले असतात. पट्टी दाबली की फीत फिरत्या दांड्यावर आणि वाचणाऱ्या हेडवर दाबली जाते आणि सूर उमटतो. पट्टी सोडली की स्प्रिंग फितीला पुन्हा आरंभाशी ओढून आणते. फीत सुमारे आठ सेकंद पुरते. आठ सेकंदांनंतर सूर थांबतो, मग बोट पट्टीवर कितीही दाबून ठेवले तरी उपयोग नसतो. बीटल्सच्या १९६७ च्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ या गाण्याच्या आरंभी जी बासरी ऐकू येते ती मेलोट्रॉनच्याच एम-४०० आधीच्या रूपातली आहे.

विकतच्या सॉफ्टवेअरने पहिल्या संध्याकाळी मला भारावून टाकले, हे मोकळेपणाने सांगते. आवाजांची यादी मोठी होती, पडद्यावर वाद्याचे सुंदर चित्र होते आणि ‘जुनेपणा’ वाढवणारे एक बटण होते. ते फिरवले की टेपची खरखर वाढे, सूर किंचित डुलू लागे आणि आवाजाची वरची धार बोथट होई. पहिले दोन महिने मी ते बटण अर्ध्याच्या पुढेच ठेवत असे. तालमींत मात्र काही तरी खटकत राहिले. एकच प्रवेश वीस वेळा वाजवल्यावर लक्षात आले, की सगळे सूर एकाच लयीत, एकाच वेळी डुलत आहेत. संपूर्ण स्वरसमूहावर एकच डोल चढवलेला होता, आणि कानाला तो परिणाम म्हणूनच ऐकू येत होता, वाद्य म्हणून नव्हे.

मूळ वाद्यात तसे होत नाही. तिथे प्रत्येक सुराची फीत वेगळी, त्या सुराला वाजवणाऱ्या वादकाचा श्वास किंवा गज वेगळा, फितीवरचा दाब वेगळा. तीन सूर एकत्र दाबले की तीन वेगवेगळ्या क्षणी, वेगवेगळ्या मनःस्थितीत वाजवलेले तीन सूर शेजारी येऊन बसतात. एका जागी बसून कुठलाही वाद्यवृंद असा वाजवू शकत नाही. मेलोट्रॉनचा जिवंतपणा या वेगळेपणात आहे, खरखरीत नाही, असे माझे नऊ महिन्यांनंतरचे ठाम मत आहे.

त्यामुळे सॅम्पल निवडताना मी एकच गोष्ट आधी तपासते. पस्तीसच्या पस्तीस सूर स्वतंत्र मुद्रित केलेले आहेत, की जागा वाचवण्यासाठी दर तिसरा-चौथा सूर घेऊन मधले सूर संगणकाने ओढून-ताणून बनवले आहेत? ओढलेला सूर लगेच ओळखू येतो. एखादा सूर तीन अर्धसूर वर नेला, की त्यातले कंप सुमारे १९ टक्क्यांनी जलद होतात आणि आठ सेकंदांचे पावणेसात सेकंद उरतात. व्हायोलिनच्या कंपात हा फरक लपत नाही. जागा वाचवण्याचे कारण तर आज उरलेलेच नाही. ३५ सूर, प्रत्येकी आठ सेकंद, म्हणजे एका आवाजाला एकूण चार मिनिटे चाळीस सेकंद मुद्रण. २४ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झने एका वाहिनीवर ते सुमारे ३७ मेगाबाइट भरते. माझ्या आठ गिगाबाइट मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर असे पाच आवाज एकाच वेळी उघडे असतात आणि कधीही अडखळत नाहीत.

ऑक्टोबरपासून मी प्लोग कंपनीचा सफोर्झांडो हा विनामूल्य सॅम्पल-वादक वापरते. तो साध्या मजकुराच्या फाइलमधून सूचना वाचतो. अमुक पट्टीला अमुक ध्वनिफाइल, इतकेच पस्तीस ओळींत लिहायचे असते, आणि एखादी सूचना चुकली तर ती कुठे चुकली हे स्वतःला शोधता येते. माझ्याकडच्या ४९ पट्ट्यांच्या मिडी कीबोर्डवर (स्वतः आवाज न करता संगणकाला सूचना देणाऱ्या कीबोर्डवर) मूळ वाद्याचा संपूर्ण पल्ला बसतो. उरलेल्या चौदा पट्ट्या मी मुद्दाम मुक्या ठेवल्या आहेत. कितीही जोराने पट्टी मारली तरी सूर तेवढाच मोठा यावा, अशी सूचना पहिल्याच दिवशी लिहावी लागली, कारण मूळ यंत्रातली फीत बोटाच्या वेगाला दाद देत नाही. या एका बदलाने माझे वाजवणे बदलले. पियानोच्या सवयीने मी जिथे बोटाने भाव आणायला जात होते, तिथे आता सूर केव्हा धरायचा आणि केव्हा सोडायचा एवढेच हाती उरले.

आठ सेकंदांची मर्यादाही मी तशीच ठेवली. बरीच सॉफ्टवेअरे सुराचा मधला भाग गोलगोल फिरवून तो अखंड लांबवण्याची सोय देतात आणि नव्या माणसाला ती वरदान वाटते. मला तीच सर्वांत घातक वाटते. लांब स्वरसमूह धरायचा असेल तर मेलोट्रॉनचे जुने वादक बोटे कोळ्याच्या पायांसारखी चालवत, म्हणजे एक सूर सोडून पुन्हा दाबायचा, तोवर बाकीचे धरून ठेवायचे, मग दुसरा. असे केल्याने सुरांचे आरंभ एकामागून एक आत येत राहतात आणि स्वरसमूह आतल्या आत हलत राहतो. हे शिकायला मला सहा आठवडे लागले. नाटकात आई जुनी पत्रे चाळते तो प्रवेश दीड मिनिटाचा आहे. तिथे हे तंत्र वापरल्यावर दिग्दर्शकांनी तालीम थांबवून तोच भाग पुन्हा वाजवायला सांगितला, आणि त्यानंतर त्या प्रवेशातल्या संगीतात काहीही बदलले नाही.

या साऱ्यात मला सर्वाधिक आनंद मिळाला तो घरच्या पेटीचे सॅम्पल करताना. आमच्या पेटीला ३७ पट्ट्या आहेत. पहिली आणि शेवटची सोडली की नेमक्या पस्तीस उरतात. प्रत्येक सूर एकटा, एकाच भात्यावर, आठ सेकंद धरून मुद्रित केला. नवरात्रात नऊ रात्री गरब्याच्या ध्वनिवर्धकांमुळे मायक्रोफोन उघडणेच शक्य नव्हते, म्हणून दसऱ्यानंतर पहाटे पंखे बंद करून चार दिवसांत हे काम पुरे केले. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सूर कापताना आरंभीचा किंचितही भाग कापला जाणार नाही याची काळजी घेतली, कारण पेटीतली धातूची पत्ती बोलू लागण्याआधीचा हवेचा सुस्कारा हीच पेटीची ओळख आहे. मग तीन सूर एकत्र दाबले, आणि जे ऐकू आले ते मी तीस वर्षांच्या पेटीवादनात कधी ऐकले नव्हते. खऱ्या पेटीत सर्व पत्त्यांना एकाच भात्याची हवा मिळते, म्हणून सगळे सूर एकत्र फुगतात आणि एकत्र ओसरतात. इथे प्रत्येक सुराला स्वतःचा भाता होता. षड्ज ओसरत असताना पंचम भरत होता. पेटी होती आणि पेटी नव्हतीही. दिग्दर्शकांची जूनमधली मागणी मला त्या पहाटे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळली.

त्यानंतर एक चूक झाली. पेटी जुनी असल्यामुळे काही सूर सहा-सात सेंट (सेंट म्हणजे अर्धसुराचा शंभरावा भाग) इकडे-तिकडे होते. मी संगणकाच्या मदतीने पस्तीसही सूर अचूक जागी आणले आणि संचातले सगळे चैतन्य गेले. मूळ फाइली जपून ठेवल्या होत्या म्हणून निभावले. आता गायकाच्या साथीला दहा सेंटच्या पुढे गेलेला सूर तेवढा दुरुस्त करते, बाकीच्यांना हात लावत नाही.

कॅसेटचा प्रयोगही केला. पेटीचे सर्व सूर घरच्या कॅसेट डेकवर मुद्रित करून पुन्हा संगणकात घेतले. पहिल्या खेपेस सारे सूर उतरलेले आले. डेकचा रबरी पट्टा सैल झाला होता आणि तो बदलेपर्यंत दोन आठवडे गेले. दुसऱ्या खेपेस आवाज सुरेख आला, पण एक अडचण राहिली. प्रत्येक सुराबरोबर त्याची खरखरही येते, आणि सहा पट्ट्या दाबल्या की ती एका सुराच्या खरखरीपेक्षा सुमारे आठ डेसिबलने वाढते. घरी हेडफोनवर ते मोहक वाटते. सभागृहात शांत प्रवेशाच्या वेळी पाठीमागच्या रांगेतल्या माणसाला ध्वनिवर्धक बिघडल्यासारखे वाटते. म्हणून कॅसेटवरचा संच मी फक्त दोन-तीन सुरांच्या जागी वापरते.

उणिवाही सांगायला हव्यात. मूळ वाद्यात पट्टी अर्धवट दाबली की फीत हेडला नीट टेकत नाही आणि सूर विरळ, दबका येतो. माझ्या कीबोर्डवर तो बारकावा आणता आलेला नाही. एम-४०० मध्ये हेड दोन मार्गांच्या मधोमध थांबवून दोन आवाज मिसळता येत. ते मी कीबोर्डच्या बाजूला असलेल्या मॉड्युलेशनच्या चाकावर दोन आवाजांची सरमिसळ बसवून जवळपास साधले आहे. पट्टी दाबल्यापासून सूर येईपर्यंतच्या विलंबाचा त्रास सुरुवातीला झाला. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो ध्वनीचा तुकडा, ५१२ नमुन्यांवरून २५६ वर आणल्यावर तो हिशेबाने साडेअकरा मिलिसेकंदांवरून सहाच्या आत आला आणि मग जाणवेनासा झाला. विकतच्या सॉफ्टवेअरबाबत माझी एक खरी तक्रार आहे. लॅपटॉप दुरुस्तीहून परत आल्यावर त्याचा परवाना चालेना, तो पुन्हा सुरू होण्यात अकरा दिवस गेले आणि त्या काळात दोन तालमी पार्श्वसंगीताशिवाय झाल्या. सुट्या सॅम्पलांकडे वळण्याचे तेही एक कारण होते. तरीही ज्यांना फाइली लिहीत बसायचे नाही आणि पुष्कळ आवाज तयार हवे आहेत, त्यांनी विकतचेच घ्यावे. फक्त जुनेपणाचे बटण शून्यावर आणि सूर लांबवण्याची सोय बंद ठेवून आधी महिनाभर वाजवावे.

एम-४०० चे वजन सुमारे ५५ किलो असते. माझा सगळा संच एका खांद्यावरच्या पिशवीत मावतो आणि रिक्षातून सभागृहापर्यंत जातो. नाटकाचे आतापर्यंत चार प्रयोग झाले आहेत. पाचव्यापूर्वी एका परिचित सारंगीवादकांकडून पस्तीस सूर, प्रत्येकी आठ सेकंद, असे मुद्रित करून घ्यायचे ठरले आहे. ते मला म्हणाले, ‘एकेकच सूर का, ताई, मी तुम्हाला सगळी चालच वाजवून देतो.’ त्यांना मी पेटीचा तो पहाटेचा स्वरसमूह ऐकवला. त्यांनी तो दोनदा ऐकला आणि रविवारची वेळ दिली.