प्रोसेसर तापतोय: साफसफाई, कमी वॉट, टॉवर की लिक्विड?

गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसरच्या तापमानाचे 92, 94, 95 अंश असे आकडे दिसायला लागले की दुकानातून ठरलेला सल्ला येतो: "साहेब, लिक्विड टाकून घ्या, टेन्शनच नाही." हा सल्ला काही जणांसाठी बरोबर आहे, बहुतेकांसाठी नाही. घरच्या गेमिंग पीसीला चार उपाय करता येतात. साफसफाई करून प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट नवी लावायची, बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमधून, प्रोसेसर ओढतो ते वॉट कमी करायचे, मोठा टॉवर एअर कूलर बसवायचा किंवा पंपाने द्रव रेडिएटरपर्यंत फिरवणारा लिक्विड कूलर, म्हणजे एआयओ, घ्यायचा. यातला तुमचा कोणता, हे प्रोसेसर कसा तापतो ते पाहून ठरवा.

आकडा खरंच जास्त आहे का?

इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 अंश आहे. एएमडीच्या रायझन 5 5600एक्सची 95, 5800एक्स आणि 5800एक्स3डीची 90, तर 7800एक्स3डीची 89. मर्यादा गाठली की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, लगेच जळत नाही. सप्टेंबर 2022 मध्ये आलेली रायझन 7000 ची एक्स मॉडेलं तर पूर्ण लोडवर थेट 95 पर्यंत जातील अशाच बेताने बनवलेली आहेत. तेव्हा 7700एक्सवर सिनेबेंच हे प्रोसेसरला पूर्ण राबवणारं चाचणीचं सॉफ्टवेअर लावलं आणि 95 दिसले, तर त्यात बिघाड काही नाही.

गेममध्ये सतत 95 दिसत असतील तर मात्र लक्ष द्यायला हवं, कारण गेम सहसा सगळे कोर एकदम राबवत नाही. नवा गेम पहिल्यांदा उघडल्यावर तो शेडर कंपाइल करतो, म्हणजे ग्राफिक्सचा कोड तुमच्या कार्डासाठी तयार करतो, तेवढा वेळ सोडा. त्या काही मिनिटांत सगळे कोर पूर्ण ताकदीने चालतात, आकडा उडी मारतो आणि मग खाली येतो. तेवढ्यावरून कूलर बदलायला निघू नका.

दहा मिनिटांची चाचणी

तापमान आणि वॉट दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर उघडा, शेजारी सिनेबेंच दहा मिनिटं चालवा आणि आकडा कसा चढतो ते बघा. तापमानाबरोबर वॉटचा आकडाही टिपून ठेवा.

लोड आल्या आल्या दोन-चार सेकंदांत 45 वरून 95 झाले आणि वॉट मात्र साठ-सत्तरच दिसतायत, तर उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाहीये. पेस्ट वाळली असेल, कूलर एका बाजूने उचलला गेला असेल, नव्या कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढायची राहिली असेल किंवा एआयओचा पंप बंद पडला असेल. इंटेलच्या बॉक्स कूलरच्या चार पिनांपैकी एक नीट न बसणं हे तर नेहमीचं दुखणं. मदरबोर्डच्या मागच्या बाजूने बघितलं की कुठली पिन अर्धवट आहे ते लगेच कळतं.

आकडा सावकाश, मिनिटामिनिटाने चढत गेला तर हवा कोंडतेय. साइड पॅनल काढा आणि तीच चाचणी पुन्हा घ्या. पाच-सात अंशांनी उतरला तर दोष कॅबिनेटच्या हवेत आहे, कूलर बिचारा निर्दोष आहे. आपल्याकडे कॉम्प्युटर टेबलाला सीपीयूसाठी जो लाकडी खण असतो, त्यात मागून भिंत आणि बाजूंनी प्लाय. त्या खणात कॅबिनेट ठेवलं की तीच गरम हवा आतल्या आत फिरत राहते. आधी ते बाहेर काढा. पुढून बंद काच असलेली कॅबिनेटंही दिसायला छान आणि श्वास घ्यायला वाईट. तिथे पुढे दोन आणि मागे एक फॅन, काही शेकड्यांत काम होतं.

वॉटच 200 च्या वर असतील तर पुढचा "वॉट कमी करणं" हा भाग तुमच्यासाठी.

खोलीचं तापमान यात धरलंच पाहिजे. एअर असो वा लिक्विड, कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोली आणि प्रोसेसर यांच्यातलं अंतर कमी करतो. जानेवारीत 24 अंशांच्या खोलीत 75 दाखवणारा पीसी मे महिन्यात अकोल्याच्या 39 अंशांच्या खोलीत 90 च्या आसपास जाणारच. परदेशी रिव्ह्यूमधले आकडे सहसा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीतले असतात, त्यात तुमच्या खोलीचा फरक मिळवून वाचा. आणि विदर्भात पाण्याचा कूलर लावत असाल तर पीसी थेट त्याच्या झोतात ठेवू नका. बारीक तुषार आणि त्यातले क्षार आत जातात.

साफसफाई आणि पेस्ट

खर्च काही शेकड्यांचा, वेळ एका दुपारचा. पीसी तीन-चार वर्षांचा असेल आणि पूर्वी ठीक चालत होता तर सुरुवात इथूनच करा. दिवाळीच्या साफसफाईत पीसी उघडणारे बरेच जण आहेत, पण उन्हाळ्याच्या तोंडावर, होळीच्या सुमारास उघडलात तर उपयोग जास्त. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरू देऊ नका.

पेस्ट कोणती यावर लोक तासन्‌तास भांडतात. आर्क्टिक एमएक्स-4 काय किंवा नॉक्टुआ एनटी-एच1 काय, चांगल्या पेस्टींमधला फरक एक-दोन अंशांचा. वाळलेली पेस्ट आणि ताजी पेस्ट यातला फरक मात्र दहा-पंधरा अंशही असू शकतो. एएमडीच्या जुन्या, रायझन 5000 पर्यंतच्या एएम4 सॉकेटवाल्यांनी एवढं जपा: कूलर थंड असताना सरळ वर ओढू नका. पेस्ट चिकटलेली असली तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि खालच्या पिना वाकतात. आधी गेम चालवून पीसी गरम करा, मग बंद करून प्लग काढा आणि कूलर डावी-उजवीकडे हलके पिळत सोडवा.

वॉट कमी करणं

हा पर्याय फुकट आहे आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे. कूलर विकणाऱ्याला त्यात मिळणार काय!

7700एक्सचंच बघा. मूळ सेटिंगवर तो सॉकेटमधून 142 वॉटपर्यंत ओढतो. बायोसमध्ये 65 वॉटचा इको मोड लावला की मर्यादा 88 वर येते. एएमडीने जानेवारी 2023 मध्ये याच आठ कोरचा 7700 काढला तो 88 वॉट मर्यादेचाच. त्याचा कमाल वेग 5.3 गिगाहर्ट्झ आणि एक्सचा 5.4. म्हणजे शेवटच्या शंभर मेगाहर्ट्झसाठी आणि जड कामातल्या थोड्या वेगासाठी चोपन्न वॉट जास्त. गेममध्ये हा फरक एफपीएस मोजल्याशिवाय कळणार नाही. व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला कळेल.

इंटेलच्या के मालिकेत गोष्ट वेगळी आहे. 13700के किंवा 14700केची अधिकृत टर्बो मर्यादा, म्हणजे वाढीव वेगाने चालतानाची मर्यादा, 253 वॉट, पण पुष्कळ मदरबोर्ड ती मर्यादा सरळ उठवूनच येत असत. एमएसआयच्या बोर्डांवर कूलरचा प्रकार विचारणारी निवड असते. तिथे "वॉटर कूलर" निवडलं की मर्यादा 4096 वॉट, म्हणजे अमर्यादच. एआयओ आहे म्हणून भाबडेपणाने ते निवडायचं आणि मग तापतंय म्हणून रडायचं! 253 लावा, किंवा फक्त गेमच खेळत असाल तर 150-180. शिवाय 13 व्या-14 व्या पिढीचा आय7 किंवा आय9 असेल तर कूलरच्या आधी बायोस अपडेट करा. त्या चिपांत जादा व्होल्टेजमुळे कायमचं नुकसान होत होतं. त्यावर इंटेलने ऑगस्ट 2024 मध्ये 0x129 आणि त्यानंतर 0x12बी हे मायक्रोकोड, म्हणजे बायोसमधून येणारे प्रोसेसरचे अपडेट, दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. गेम वारंवार क्रॅश होत असेल तर पेस्ट बदलत बसू नका, वॉरंटी मागा.

रायझनवर व्होल्टेज कमी करायची बायोसमधली कर्व्ह ऑप्टिमायझर ही सेटिंगही छान, पण उणे 10 पासून सुरू करा. व्होल्टेज फार कमी झालं तर लोडवर काही दिसत नाही. दोन दिवसांनी पीसी नुसता पडून असताना रिस्टार्ट होतो आणि आपण विजेला दोष देतो.

विंडोजमध्ये प्रोसेसर 99 टक्क्यांवर ठेवायची युक्ती बरेच जण सांगतात. त्याने टर्बोच बंद पडतो. आय5-12400एफ मग 2.5 गिगाहर्ट्झवर रांगतो. निदान करायला ठीक आहे, उपाय म्हणून नको.

टॉवर की एआयओ?

वरचं सगळं करून झालं आणि तरी कमी पडतंय, तर आता पैसे. बॉक्समधल्या छोट्या कूलरवरून दोन ते चार हजारांच्या टॉवरवर येणं ही पैशाला सर्वाधिक उत्तर देणारी खरेदी आहे. साध्या 65 वॉटवाल्या प्रोसेसरला डीपकूल एके400 सारखा एक टॉवर पुरून उरतो. 150 वॉटच्या आसपासच्या चिपला थर्मलराइट पीअरलेस असासिन 120 सारखा दुहेरी टॉवर घ्या.

एआयओचा खरा फायदा 200-250 वॉटच्या चिपांना. तिथे 360 मिलिमीटरचा रेडिएटर टॉवरला मागे टाकतो. पण रायझन 5800एक्स किंवा 7700एक्सवर तोच एआयओ लावून लोक हिरमुसतात, आणि त्याचं कारण चिपमध्ये आहे. जवळपास सगळी उष्णता एका छोट्या चिपलेटमधून, म्हणजे कोर असलेल्या चिपच्या तुकड्यातून, बाहेर पडते, 5800एक्समध्ये सुमारे 81 चौरस मिलिमीटर आणि 7700एक्समध्ये त्याहून लहान. वर रायझन 7000 च्या नव्या एएम5 सॉकेटच्या प्रोसेसरचं धातूचं झाकणही जाड, कारण एएम4 चे जुने कूलर बसावेत म्हणून उंची तेवढीच ठेवली. उष्णता या चिंचोळ्या वाटेतच अडते, मग पुढे रेडिएटर केवढाही असो.

पंप हे एआयओचं दुसरं दुखणं. टॉवरचा फॅन गेला तर पाचशे-हजारात नवा येतो आणि तोवर पीसी हळू का होईना चालतो. पंप गेला की मिनिटाभरात 100, आणि युनिट टाकायचंच. नळ्यांतून पाणी वर्षानुवर्षं थोडं थोडं उडतं, भरायची सोय बहुतेकांत नसते, म्हणून सहसा पाच-सहा वर्षं हे आयुष्य धरून चला. घेतलाच तर रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावा, म्हणजे आतली हवा त्यात वर जमते. पंप सगळ्यात उंच जागी राहिला तर ती हवा पंपात येते आणि गुळगुळ आवाज सुरू होतो.

माझं मत विचाराल तर आय7-आय9 के किंवा बारा-सोळा कोरचा रायझन जड कामाला लावणारे सोडून बाकी सगळ्यांनी टॉवर घ्यावा आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत. एक्स3डी वाल्यांनी तर नक्कीच. 7800एक्स3डी गेममध्ये साठ-सत्तर वॉटच्या आसपासच खातो.

ऑर्डर देण्याआधी कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची बघा. दुहेरी टॉवर 155 ते 165 मिलिमीटर उंच असतात आणि स्वस्त कॅबिनेटांत हीच जागा कापलेली असते. उंच हीटसिंकची रॅम असेल तर पुढचा फॅन वर सरकवावा लागतो, तेवढे मिलिमीटरही त्यात धरा.